इराणातल्या लोकांना मदत करायचीय? ब्राउझरमध्ये स्नोफ्लेक लावून ठेवा

२०२२ च्या सप्टेंबरात हिजाबवरून पोलिसांनी पकडलेली तरुणी महसा अमिनी कोठडीत असताना मरण पावली, लोक रस्त्यावर आले आणि सरकारने इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप बंद करून टाकलं, टॉर (ओळख लपवून बंद साइटपर्यंत नेणारं मोफत नेटवर्क) वर जायचा थेट रस्ताही तिथे अडवलेला असतो. अशा वेळी स्नोफ्लेक लावलं की आपला ब्राउझर त्यांच्यासाठी टॉरपर्यंतचा मधला पूल होऊ शकतो, एक रुपया खर्च नाही.

१) फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये टॉर प्रोजेक्टचं स्नोफ्लेक एक्स्टेंशन टाका, त्यांचंच आहे ना ते नीट बघून.
२) चालू करा, ब्राउझर उघडा राहू द्या. बस.

कोणी जोडलं गेलं की बर्फाच्या फुलाचं चिन्ह हिरवं होतं, त्यावर क्लिक केलं की २४ तासांत किती जणांना मदत झाली ते दिसतं, काल माझ्याकडे ७ आलं होतं, खूप बरं वाटलं. ते लोक ज्या साइट बघतात तिथे आपला आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) दिसत नाही, कारण ट्रॅफिक पुढे टॉरमधूनच बाहेर पडतं.

फक्त मोबाईल हॉटस्पॉटवर लावू नका, डेटा संपेल. आणि तिकडे कोणी ओळखीचं असेल तर एवढं नक्की सांगा, टॉरमधून स्वतःच्या नावाच्या अकाउंटला लॉगिन केलं की ओळख उघडी पडते.