इथंच तर जायचंय म्हणून निघालो, आणि... ऑक्टोबरच्या सोलो राईडला या चुका टाळा

पाऊस संपला की पुण्यात सगळ्यांना एकदम सायकल आठवते. जूनपासून बाल्कनीत किंवा पार्किंगमध्ये उभी असलेली ती बिचारी दसऱ्याला पुसून घेतो, हळदीकुंकू वाहतो, झेंडूचा हार घालतो आणि पुढच्या रविवारी सकाळी निघतो. मी पण असाच निघालो होतो, बिबवेवाडीतनं कोंढवा, येवलेवाडी, बोपदेव घाट, भिवरी आणि सासवड. येऊनजाऊन पन्नासेक किलोमीटर. त्या एका राईडमध्ये मी जेवढ्या चुका केल्या तेवढ्या अख्ख्या सीझनमध्ये केल्या नसतील, कारण लांब जायचं असलं की आपण आदल्या रात्री बॅग भरतो, लिस्ट करतो, आणि सासवडला काय, इथंच तर जायचंय.

पहिली गंमत हाराचीच. हार काढला पण दोरा राहिला, तो मागच्या डिरेलरच्या, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाच्या, त्या छोट्या दातेरी चाकाला गुंडाळला गेला आणि येवलेवाडीपर्यंत मला वाटतंय गिअर का उड्या मारतायत. तर पूजा झाल्यावर दोरा शोधून कापा. हसू नका, होतं असं.

चेन आणि हवा

चार महिने दमट हवेत उभ्या सायकलच्या चेनवर तांबूस गंज येतो आणि आपण काय करतो, घरात जो स्प्रे असेल तो फसफस मारतो. गंज सोडवणारा स्प्रे म्हणजे चेनचं ऑइल नव्हे, तो मळ सोडवतो आणि थोड्या वेळात उडून जातो, मग घाटात चेन कुरकुरायला लागते. आधी जुन्या बनियनच्या फडक्यानं चेन पुसा, मग प्रत्येक कडीवर एकेक थेंब ऑइल, पॅडल उलटं फिरवा, दहा मिनिटं थांबा आणि वरचं सगळं पुसून टाका. हे शेवटचं पुसणं कोणी करत नाही. ऑक्टोबरात रस्त्याला धूळ असते, वरचं ओलं ऑइल ती ओढून घेतं आणि चेनवर काळी पेस्ट होते. डिस्क ब्रेक असतील तर स्प्रे मारूच नका, एक शिंतोडा डिस्कवर गेला की ब्रेक किंचाळतात आणि लागत पण नाहीत. रिमचे ब्रेक असतील तर रबरात रुतलेली वाळू टाचणीनं काढून टाका.

हवा अंगठ्यानं दाबून बघू नका. अंगठ्याला सगळेच टायर कडक लागतात. हायब्रिड सायकलच्या ३२-३५ मिलिमीटर रुंद टायरला साधारण साठच्या आसपास पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरतात, वजन जास्त असेल तर थोडी वाढवा, पण टायरच्या बाजूला छापलेला मोठा आकडा गाठायच्या भानगडीत पडू नका, दगडासारख्या टायरवर पावसाळ्यानंतरचे आपले रस्ते म्हणजे कंबरेची वाट.

पंक्चर, म्हणजे माझी खरी फजिती

भिवरीच्या पुढं मागचं चाक बसलं. माझ्याकडं स्पेअर ट्यूब होती, टायर उचकटायचे लिव्हर होते, छोटा पंप होता, म्हटलं दहा मिनिटांचं काम. ट्यूब बदलली, हवा भरली, निघालो, आणि दोन किलोमीटरवर परत फुस्स. कारण टायरमध्ये बाभळीचा काटा तसाच होता. बाहेरनं तो मोडलेला, दिसत नाही, आतनं जेमतेम तांदळाच्या टोकाएवढा वर आलेला. नवीन ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतनं फडकं फिरवायचं, जिथं अडकेल तिथं काटा. बोट फिरवलं तरी चालतं पण हळू, मी घाईत फिरवलं आणि बोटात घुसवून घेतला, तेव्हा कुठं सापडला. आणि जुनी ट्यूब बाहेर काढली की व्हॉल्व्हच्या जागेवरनं टायरला लावून बघा, ट्यूबचं भोक जिथं येतं तिथंच काटा असणार, शोधायचे कष्ट वाचतात.

आता दुसरी ट्यूब नाही. पॅच होता, तर काचपेपरनं घासलं, सोल्युशन लावलं आणि लगेच चिकटवला. ओल्या सोल्युशनवर पॅच बसत नाही, हे मला माहिती होतं तरी केलं. चार-पाच मिनिटं सुकू द्यायचं, चमक गेली की मगच पॅच लावून दाबायचा. शेवटी ढकलत ढकलत एका पंक्चरच्या टपरीवर गेलो. दादांनी व्हॉल्व्हकडं बघितलं आणि म्हणाले, "ओ साहेब, ह्याला आपला नोझल नाय बसत." बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह. त्यावर एक पितळी अ‍ॅडॉप्टर बसतो, नखाएवढा, किंमत किरकोळ, तो माझ्या घरी ड्रॉवरमध्ये होता. पॅच मात्र दादांनी झकास मारून दिला, हवा मी माझ्या पंपानं शंभर दीडशे झटके मारून भरली. अ‍ॅडॉप्टर आता सीटखालच्या पाऊचमध्येच असतो. मागचं चाक काढायच्या आधी चेन सगळ्यात छोट्या चकतीवर आणा, नाहीतर हात काळे आणि डोकं गरम.

घाट

चढ लागल्यावर पाय जड झाले की मग गिअर टाकायचा, ही सवय सोडा. जोर लावून पॅडल मारत असताना पुढचा, म्हणजे पॅडलजवळच्या चकत्यांचा, गिअर बदलला की चेन पडते. चढाच्या थोडं आधी, पाय हलके असतानाच टाका. पडलीच तर पुढचा शिफ्टर (हँडलवरचा गिअरचा खटका) छोट्या चकतीवर आणायचा, मागच्या डिरेलरचा दांडा पुढं दाबून चेन ढिली करायची, दोन-चार दातांवर अडकवायची आणि पॅडल हातानं फिरवायचं. गुडघा पुढनं दुखायला लागला तर बहुतेक वेळा सीट खाली असते, मागनं दुखला तर वर.

उतारावर आख्खा घाट ब्रेक धरून उतरू नका. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक लावून स्पीड कमी करायचा आणि वळणात ब्रेक सोडायचे. पावसानं वाहून आलेली बारीक खडी वळणाच्या कडेलाच साचलेली असते, तिथं पुढचा ब्रेक दाबला की सरळ आडवे.

ऊन आणि पोट

सहाला निघताना गारवा असतो म्हणून एकच बाटली घेतली, हे चुकलंच. ऑक्टोबर हीट दहानंतर चांगलीच जाणवते आणि परतीला सासवडकडनं घाटमाथ्यापर्यंत परत चढ आहे. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी धरा, एका बाटलीत चिमूटभर मीठ, साखर, लिंबू. भूक लागायची वाट बघू नका, तासाभरानं केळं नाहीतर चिक्की खा. सासवडला मिसळ हाणून चढ चढणाऱ्यांना माझा नमस्कार, मी हाणलीये.

एकटे असाल तर घरी रूट सांगून जा, नुसतं "जाऊन येतो" नको. लाईव्ह लोकेशन शेअर करा पण घाटात रेंज जाते, त्यामुळं कुठल्या रस्त्यानं आणि कितीला परत येणार ते तोंडी पण सांगा. मी बायकोला साडेनऊ सांगितलं होतं आणि पंक्चरच्या भानगडीत पावणेबारा झाले, मधले चार मिस्ड कॉल मला दिसलेच नाहीत. संध्याकाळची राईड असेल तर ऑक्टोबरअखेर सहा वाजताच सूर्य मावळतो हे विसरू नका आणि अंधार पडल्यावर एकट्यानं बोपदेव घाटात जाऊच नका.

आणि सीताफळं. पुरंदरची सीताफळं, रस्त्याच्या कडेला पाट्या मांडलेल्या, सोडवतं का? दोन किलो घेतली आणि पिशवी हँडलला लटकवली. उतारावर ती झोके घ्यायला लागली, हँडल डगमगलं, पिशवी पुढच्या स्पोकला घासली आणि फाटली. मी वाचलो, कारण स्पीड कमी होता. तीन सीताफळं घाटात गेली. उरलेली जर्सीच्या मागच्या खिशात कोंबून आणली, घरी पोचेपर्यंत पाठीवर रबडी झाली होती. बॅगपॅक न्या.