रंगीत पेन्सिलीतलं पोर्ट्रेट : चित्रातलं मूल थोराड दिसतंय? या चुका टाळा

फोटोशी ताडून पाहिलं तर नाक, डोळे, ओठ सगळं जागच्या जागी. तरी चार वर्षांची पोर चित्रात दहाची दिसते. लहान मुलांचे चेहरे काढणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. मग खापर रंगांवर फुटतं, आणखी मोठा पेन्सिलींचा सेट घेतला जातो आणि पुढचं मूलही थोराडच निघतं. माझ्या मते निम्म्या चुका रंगाची पेन्सिल हातात घेण्याआधीच होऊन गेलेल्या असतात. उरलेल्या होतात त्या पेन्सिल दाबून चालवण्यामुळे.

मोठ्यांची मापं लहानांना लावणं

माथ्यापासून हनुवटीपर्यंतच्या उंचीच्या बरोबर मध्यावर डोळे, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. तो मोठ्या माणसांचा आहे. जन्मतः कवटीच्या घुमटाच्या मानाने चेहऱ्याचा भाग जेमतेम एक अष्टमांश असतो. मोठेपणी तो निम्म्याच्या आसपास जातो. जबडा आणि नाक सावकाश वाढतात, म्हणून बाळाचे डोळे मध्यरेषेच्या बरेच खाली असतात आणि वय वाढेल तसे वर सरकल्यासारखे दिसतात. पाच-सहा वर्षांच्या मुलातही ते मध्याच्या किंचित खालीच ठेवावे लागतात. डोळा मात्र फारसा वाढत नाही. जन्मतः बुबुळासकट नेत्रगोल साधारण १७ मिलिमीटरचा असतो, मोठेपणी २४ चा. छोट्या चेहऱ्यात एवढा डोळा बसवायचा, तर तो मोठा दिसणारच. त्याला ‘जरा जास्तच झाला’ म्हणून लहान केलात की वय वाढलंच.

नाकाची दांडी लहानपणी बसकी असते. दोन्ही बाजूंनी रेघा ओढून ती उभी करू नका. टोकाची गोलाई, नाकपुड्यांच्या दोन मऊ सावल्या आणि टोकावरचा उजेड एवढ्यावर भागतं. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत जाणारी घडी तर शत्रूच समजा. हसऱ्या मुलाच्या फोटोत ती असते, पण तिथे ती गालाच्या फुगवट्याची कड असते. धारदार रेघ मारली की हसरं मूल थकलेलं वाटतं.

रेखाटन झालं की कागद उलटा धरा किंवा आरशात पाहा. तिरका जबडा, वरखाली झालेले डोळे लगेच खुपतात. डोळे हलवायचे असतील तर याच टप्प्यावर हलवा, रंग चढल्यावर ते जमत नाही.

फोटोच फसवा असणं

मोबाइल तोंडाजवळ नेऊन, वरून वाकून काढलेल्या फोटोत कपाळ फुगतं, हनुवटी नाहीशी होते, नाक पुढे येतं. तो हुबेहूब उतरवला तर चित्रही तसंच होणार. दीडदोन मीटर मागे सरा, थोडा झूम करा आणि मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला बसा. फ्लॅश बंद ठेवा, कारण तो सावल्या खाऊन टाकतो आणि डोळ्यातल्या बाहुलीच्या मधोमध पांढरा ठिपका सोडतो. खिडकीचा बाजूचा उजेड उत्तम.

शिसपेन्सिलीची रेघ तशीच ठेवणं

फिकट रंग वरून फिरला की शिसं त्यात मिसळतं आणि गालावर राखाडी मळ दिसतो. नीडेबल रबराने (मळून हवा तो आकार देता येणाऱ्या मऊ खोडरबराने) टिपून रेघ जेमतेम दिसेल इतकी पुसट करा आणि तिच्यावर फिकट तपकिरी रंगाने पुन्हा आखा. हाताखाली एक कोरा कागद असू द्या.

‘कातडीचा रंग’ नावाची एकच पेन्सिल

एका पेन्सिलीने भरलेला चेहरा प्लॅस्टिकच्या बाहुलीसारखा दिसतो. गोऱ्या त्वचेला क्रीम, पीच आणि फिकट गुलाबी. गव्हाळ त्वचेला यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). सावळ्या किंवा काळ्या त्वचेला गडद तपकिरी, त्यात थोडा लाल आणि उजेडाच्या जागी निळसर झाक, अशी सुरुवात करता येते. सावलीसाठी काळा उचलण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. काळ्याने त्वचा मळते. त्याऐवजी जांभळा किंवा इंडिगो (गडद निळा) हलकेच फिरवून वर त्वचेचा रंग चढवा. सावली खोलही होते आणि जिवंतही राहते.

गालांवर लाल गोळे काढू नका. नाकाचं टोक, कान आणि गाल यांच्यात तांबूसपणा विरघळत गेलेला असतो. कानामागून उजेड येत असेल तर कानाची पाळी केशरी लाल होते. ही एक जागा बिनधास्त रंगवा.

पहिल्याच थराला जोर लावणं

रंगीत पेन्सिलीचं सगळं गणित कागदाच्या दाण्यावर चालतं. दाण्यांच्या खळग्यांत रंग बसतो. पहिल्याच थराला दाबलं की खळगे बुजतात, पेन्सिलीतलं मेण चकाकायला लागतं आणि पुढची पेन्सिल नुसती घसरते. टोक अणकुचीदार ठेवा, हात हलका ठेवा, बारीक गोल फिरवत सहा-आठ थर चढवा. दाबून घोटायचं ते अगदी शेवटी आणि जिथे हवं तिथेच.

कागद आधीच मेणकट झाला असेल तर खोडू नका, पसरेल. भिंतीवर पोस्टर लावायची चिकट पुटी दाबून उचला. थोडा रंग निघून येतो. त्यावर वर्केबल फिक्सेटिव्हचा (रंग पक्का करणारा, वरून पुन्हा काम करू देणारा स्प्रे) हलका फवारा दिला तर आणखी एकदोन थर बसतात.

डोळे, दात, केस

डोळ्याचा पांढरा भाग पांढरा ठेवला की मूल दचकल्यासारखं दिसतं. त्याला राखाडी-निळसर छटा द्या आणि वरच्या पापणीखाली बारीकशी सावली टाका. पापण्यांचे केस एकेक मोजून काढले तर काजळ घातल्यासारखं वाटतं. वरच्या पापणीची कड गडद, खालची जवळजवळ नसल्यासारखी. उजेडाचा ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला राहू द्या. तो जागेवरचा कोरा कागदच असेल तर सर्वांत चांगलं. राहून गेला तर शेवटी पांढरं जेल पेन आहे.

दातांमधल्या फटी रेघेने दाखवू नका, हिरड्यांच्या कडेला हलकी छटा पुरते. आणि कोणते दात आहेत ते नीट बघा. दुधाचे दात बुटके आणि जास्त पांढरे असतात. सहासात वर्षांच्या मुलाचे पुढचे नवे दात रुंद, किंचित पिवळट आणि कडेला करवतीसारखे. चार वर्षांच्या मुलाला हे दात बसवले की बाकी सगळं बरोबर असूनही काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहतं.

केसांत आधी उजेड-सावलीचे पट्टे, मग थोड्याच सुट्या बटा. कपाळावरची केसांची कड विरळ ठेवा. लहानग्यांचं जावळ तिथे धूसरच असतं. उडते पांढुरके केस हवे असतील तर रंगाआधी बोथट सुईने कागदावर खाचा पाडून ठेवा. वरून पेन्सिल आडवी फिरवली की त्या कोऱ्या राहतात.

पूर्ण झाल्यावर

आठवडाभराने गडद भागांवर धुक्यासारखा पांढुरका थर आला तर घाबरू नका. मेणाच्या पेन्सिलींत मेण वर येतं. मऊ कापडाने हलकेच पुसा आणि फिक्सेटिव्हचे पातळ फवारे द्या. तेलाच्या गाभ्याच्या पेन्सिलींत हा त्रास सहसा होत नाही.

फिका पडणं मात्र पुसून जात नाही, आणि सगळ्यांत आधी बहुधा गुलाबी आणि जांभळे उडतात, म्हणजे नेमके गाल आणि ओठ. चित्र भेट द्यायचं असेल तर पेन्सिलीवर एएसटीएम डी ६९०१ या मानकानुसार दिलेली प्रकाशटिकाऊपणाची श्रेणी बघून पहिल्या दोन श्रेणींतलेच रंग वापरा. फ्रेम करताना मध्ये माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) घाला, काच चित्राला टेकू देऊ नका, आणि ऊन पडणारी भिंत सोडून दुसरी निवडा.