घरोघरच्या सर्वेक्षणातील या चुका टाळा

आरोग्य, शिक्षण आणि ग्रामविकासावरील संशोधनासाठी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील गावांत समाजकार्य, परिचर्या आणि अर्थशास्त्राचे विद्यार्थी दर वर्षी प्रश्नावल्या घेऊन फिरतात. अशा पथकांबरोबर मी बरीच वर्षे काम केले आहे, आणि अभ्यास बिघडतो तो विश्लेषणाच्या वेळी नव्हे, तर उत्तर देणाऱ्याच्या उंबऱ्यावर, असे माझे ठाम मत झाले आहे. तेथे होणाऱ्या चुका दोन्ही बाजूंना सारख्या विखुरल्या असत्या, तर त्यांनी एकमेकींना काही प्रमाणात झाकले असते. पण त्या बहुतेक वेळा एकाच बाजूला झुकतात आणि सर्वांत गरीब घर मोजणीतून निसटते.

गावठाण म्हणजे गाव नव्हे

माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत बरीच कुटुंबे गावठाणात राहत नाहीत. ती रानात, मळ्यात, वाडीवस्तीवर राहतात. पथक मात्र एस.टी. थांब्यावर उतरते, ग्रामपंचायतीत चहा घेते आणि दुपारपर्यंत डांबरी रस्त्यालगतची ३० घरे पूर्ण करते. ही घरे शाळेजवळ, उपकेंद्राजवळ आणि नळाजवळ असल्यामुळे लसीकरण, शाळेतील उपस्थिती, शौचालयाचा वापर हे सारे प्रत्यक्षापेक्षा चांगले दिसते. घरांची यादी करताना आशाताईंची नोंदवही आणि अंगणवाडी सेविकांची नोंदवही या दोन्ही समोर ठेवाव्यात, वस्त्यांची नावे गावातल्या जाणत्या माणसाकडून लिहून घ्यावीत आणि मगच चिठ्ठ्या टाकून घरे निवडावीत.

कुलूप दिसले की शेजारचे घर घेणे हीही त्याच जातीची चूक आहे. दिवाळीनंतर जतकडच्या वस्तीवर घर बंद असेल, तर ते कुटुंब ऊसतोडीला गेलेले असण्याचा संभव मोठा असतो, आणि लहान मुलेही बहुधा बरोबर गेलेली असतात. शेजारी घरी सापडतो, कारण त्याच्याकडे विहीर आहे किंवा नोकरी आहे. म्हणून बदली घर घेऊ नये. निवडलेल्या घरी तीन वेळा जावे, त्यांपैकी एकदा दिवेलागणीला जावे आणि तरीही कोणी भेटले नाही, तर 'बंद' अशी नोंद करून त्यांची संख्या अहवालात द्यावी. साखर कारखान्यांच्या परिसरातील तोडणी कामगारांच्या खोपी कोणत्याच गावाच्या यादीत नसतात, तेव्हा हंगामात त्यांची मोजणी स्वतंत्रपणे करावी लागते.

केवळ दवाखान्याच्या नोंदींवरून किंवा शाळेच्या वर्गातून माहिती घेतली, तरी हेच घडते. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. त्यात तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक आजार आढळले, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. दवाखान्याच्या नोंदवहीवर विसंबून राहिले असते, तर बाकीच्यांचे दुखणे कधीच नोंदले गेले नसते. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या, २००५ पासून होणाऱ्या 'असर' सर्वेक्षणात मुलांचे वाचन शाळेत न तपासता घरी तपासतात, ते याच कारणाने: गैरहजर आणि शाळा सोडलेले मूल वर्गात भेटत नाही.

प्रश्नाचे शब्द

खटाव तालुक्यातील एका वस्तीवर आमच्या विद्यार्थिनीने एका बाईंना विचारले, "तुम्ही काय काम करता?" बाईंनी डोक्यावरचा वैरणीचा भारा गोठ्याच्या भिंतीला टेकवला, पदराने तोंड पुसले आणि सांगितले, "काही नाही बाई, घरीच असते." विद्यार्थिनीने 'गृहिणी' या चौकटीत खूण केली. मी तिला पुन्हा विचारायला सांगितले. या वेळी कालचा दिवस पहाटेपासून कसा गेला, असे विचारायचे होते. दोन म्हशींच्या धारा, दुसऱ्याच्या रानात मजुरीने भांगलण, तेथून येताना वैरण, संध्याकाळी पुन्हा धारा, असा सारा दिवस बाहेर आला, आणि त्यात मजुरीही होती. 'काम' या शब्दाचा अर्थ त्या बाईंच्या लेखी पगाराची नोकरी असा होता. काय करता, हे विचारण्यापेक्षा काल काय केले, हे विचारणे कधीही चांगले.

'अतिसार' म्हटले की समोरचा माणूस गप्प बसतो. 'जुलाब' किंवा 'हगवण' म्हटले की लगेच उत्तर मिळते. 'अंगावरून जाते का?' या प्रश्नाचा अर्थ कोणी पांढरे जाणे असा घेते, तर कोणी रक्तस्राव असा. त्यामुळे काय जाते, हे स्पष्ट विचारावे. जतच्या कन्नड बोलणाऱ्या गावांत तर मराठी प्रश्नावली जागच्या जागी तोंडी भाषांतरित करण्याचे काम पथकावर सोपवणे म्हणजे दर घरी वेगळा प्रश्न विचारण्यासारखे आहे. कन्नड प्रश्नावली आधी तयार करून, दुसऱ्याकडून ती परत मराठीत आणून ताडून पाहावी.

मुलाचे वय आणि उंची

कुपोषणाच्या मोजणीत वजनकाट्याकडे सर्वांचे लक्ष असते, पण घोळ वयात होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांनुसार ८२ सेंटिमीटर उंचीची मुलगी २४ महिन्यांची असेल तर खुरटलेली, म्हणजे वयाच्या मानाने फार बुटकी, ठरत नाही, आणि तीच ३० महिन्यांची असेल तर ठरते. आई 'दोन वर्षांची' म्हणाली आणि तेवढेच लिहून घेतले, तर त्या मुलीचा निकाल मापनपट्टी लावण्याआधीच लागलेला असतो. आधी जन्मदाखला किंवा माता-बाल संरक्षण कार्ड मागावे. तेही नसेल, तर जन्म म्हसवडच्या रथयात्रेच्या आधी झाला की नंतर, बेंदूर झाला होता का, असे विचारत महिन्यापर्यंत पोहोचावे. मात्र कोणता बेंदूर, हेही विचारावे लागते, कारण कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठात येतो आणि महाराष्ट्रीय बेंदूर आषाढात.

दोन वर्षांखालील मुलाची लांबी झोपवून मोजायची असते आणि त्यापुढच्या मुलाची उंची उभे करून. दोन्हींत सुमारे ०.७ सेंटिमीटरचा फरक पडतो. म्हणून माप कसे घेतले, हे त्याच ओळीत लिहिले पाहिजे.

हिमोग्लोबिनसाठी बोट दाबून थेंब काढू नये. दाबल्याने पेशींभोवतीचे पाणी रक्तात मिसळते आणि आकडा खाली येतो. पहिला थेंब पुसून आपोआप येणारा पुढचा थेंब घ्यावा. 'माहीत नाही' साठी ९९ हा संकेतांक वापरला असेल, तर सरासरी काढण्यापूर्वी तो वगळावा, नाहीतर तो खरे उत्तर म्हणून मोजला जातो.

तुलना कशाशी?

योजना सुरू झाल्यावर दोन वर्षांनी लसीकरण वाढले, एवढ्यावरून श्रेय योजनेला देता येत नाही. पहिले वर्ष दुष्काळाचे आणि दुसरे चांगल्या पावसाचे असू शकते. उदयपूर जिल्ह्यातील अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला, त्यात गावे सोडत पद्धतीने विभागली होती: नुसत्या नेहमीच्या सोयीवर ६ टक्के, नियमित शिबिरे घेतलेल्या गावांत १८ टक्के आणि शिबिरांबरोबर डाळ दिलेल्या गावांत ३९ टक्के मुलांचे लसीकरण पूर्ण झाले. तुलनेची गावे नसती, तर शिबिराचा वाटा किती आणि डाळीचा किती, हे वेगळे काढता आले नसते. तुलनेसाठी ओढ्यापलीकडची वस्ती घेणेही धोक्याचे आहे. केनियातील शाळांमध्ये जंतनाशक गोळ्यांवर झालेल्या अभ्यासात गोळ्या न मिळालेल्या मुलांमध्येही जंतांचे प्रमाण घटल्याचे दिसले, कारण आसपासचा संसर्गच कमी झाला होता. अशा वेळी दोन गटांतील फरक खऱ्या परिणामापेक्षा लहान दिसतो.

मोजून निघून जाणे

एका पथकाने एका गरोदर बाईंचे हिमोग्लोबिन ७ ग्रॅमच्या खाली, म्हणजे तीव्र रक्तक्षय, असल्याचे नोंदले, अर्ज पिशवीत ठेवला आणि पुढचे घर गाठले. हे मला संध्याकाळी अर्ज तपासताना कळले, आणि आशाताईंना घेऊन त्या घरी पुन्हा जाईपर्यंत मला चैन पडली नाही. तेव्हापासून प्रत्येक पथकाच्या पिशवीत प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी लिहायच्या चिठ्ठ्यांचे पुस्तक असते. संमती घेताना तपासणीचा निकाल लगेच सांगितला जाईल, असे कबूल केले जाते. तो निकाल चिठ्ठीवर लिहून बाईंच्या हाती दिला जातो, त्यांची परवानगी असेल तर आशाताईंना कळवला जातो, आणि चिठ्ठीची स्थळप्रत दिवसाच्या शेवटी अर्जांबरोबर मोजून घेतली जाते.