प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवतोय? ड्रायव्हर काढून टाकण्याआधी या चुका टाळा

दोन पानं काढायची आहेत, घाई आहे, आणि कॉम्प्युटर म्हणतो ‘प्रिंटर ऑफलाइन’. प्रिंटर तर समोर चालू आहे, कागद भरलेला आहे, शाईही आहे. अशा वेळी बहुतेक जण प्रिंटर यादीतून काढून टाकतात आणि ड्रायव्हर नव्याने टाकायला बसतात. माझ्या मते हीच सगळ्यात मोठी चूक. आपलं पान प्रिंटरला समजेल अशा रूपात बदलणं हे ड्रायव्हरचं काम. ते पान प्रिंटरपर्यंत पोचतंय की नाही, हा नेटवर्कचा प्रश्न आहे. काल छपाई होत होती आणि आज बंद पडली, तर ड्रायव्हर रातोरात बिघडण्यापेक्षा वाट चुकलेली असण्याची शक्यता कितीतरी जास्त.

प्रिंटरलाच न विचारणं

जवळपास प्रत्येक वाय-फाय प्रिंटर स्वतःच्या नेटवर्कची माहिती एका कागदावर छापून देतो. स्क्रीन असेल तर सेटिंग्जमध्ये नेटवर्क रिपोर्ट मिळतो. स्क्रीन नसेल तर कुठलं तरी बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं. कुठलं, ते मॅन्युअलमध्ये असतं. हा कागद आधी हातात घ्या आणि त्यावरच्या दोनच गोष्टी वाचा: वाय-फायचं नाव आणि आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा प्रिंटरचा पत्ता.

आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने प्रिंटरला पत्ता दिलेलाच नाही, प्रिंटरने स्वतःच एक लावून घेतलाय. ०.०.०.० असेल तर तो नेटवर्कवर नाहीच. दोन्हींत कॉम्प्युटरवर काहीही करून उपयोग नाही. प्रिंटर पुन्हा वाय-फायला जोडावा लागेल.

पत्ता १९२.१६८.१.९ असा व्यवस्थित दिसला, तर तो जसाच्या तसा ब्राउझरच्या ॲड्रेस बारमध्ये टाका. बहुतेक प्रिंटरचं स्वतःचं छोटं पेज उघडतं, शाईची पातळी वगैरे दाखवणारं. हे पेज उघडलं की निम्मं काम झालं: नेटवर्क ठीक आहे, गोंधळ कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये आहे. नाही उघडलं, तर ड्रायव्हरचा विषयच काढू नका.

पत्ता बदलतो, हे विसरणं

आमच्या घरी हेच झालं होतं. कित्येक महिने छपाई सुरळीत, मग एकदा राउटर रीस्टार्ट झाला आणि प्रिंटर ऑफलाइन. दोनदा ड्रायव्हर टाकून झाला, फरक शून्य. शेवटी रिपोर्ट छापला, त्यावर आयपीचा शेवटचा आकडा ९. मग विंडोजमध्ये प्रिंटर प्रॉपर्टीज उघडून पोर्ट्सचा टॅब पाहिला (पानं कुठल्या पत्त्यावर पाठवायची ते तिथे नोंदलेलं असतं), तिथे ४. कॉम्प्युटर जुन्या पत्त्यावर पानं पाठवत होता आणि त्या पत्त्यावर आता कुणीच नव्हतं.

राउटर घरातल्या उपकरणांना पत्ते ठरावीक मुदतीपुरते देतो. रीस्टार्टनंतर किंवा मुदत संपल्यावर तोच पत्ता परत मिळेल याची खात्री नसते. पोर्टमधला आकडा बदलला की छपाई लगेच सुरू होते, पण तो इलाज तात्पुरता. कायमचा इलाज राउटरमध्ये आहे. डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याच्या सेटिंगमध्ये ॲड्रेस रिझर्व्हेशनची सोय असते; रिपोर्टवरचा प्रिंटरचा मॅक ॲड्रेस (उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) तिथे टाकला की राउटर त्याच्यासाठी एकच पत्ता राखून ठेवतो.

इथे काही जण प्रिंटरच्या मेनूत जाऊन मनानेच स्थिर आयपी टाकतात. तो टाळा. राउटर तोच आकडा उद्या एखाद्या मोबाइलला देऊन बसला की दोघांची टक्कर होते. राउटर बदललात की आणखी पंचाईत: नव्याची पत्त्यांची मालिका वेगळी असू शकते आणि प्रिंटर जुन्यालाच धरून बसतो.

आणखी एक जागा, जिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. त्याच पोर्ट्सच्या टॅबमध्ये ‘कॉन्फिगर पोर्ट’ दाबलं की खाली एसएनएमपी स्टेटसची टिक असते. विंडोज याच मार्गाने प्रिंटरची खुशाली विचारतो. काही प्रिंटर या विचारणेला उत्तर देत नाहीत, मग ब्राउझरमध्ये पेज उघडत असूनही तो ऑफलाइन दिसतो. ती टिक काढून बघा.

वाय-फाय एकच आहे असं गृहीत धरणं

घरगुती प्रिंटरपैकी बरेचसे फक्त २.४ गीगाहर्ट्झवर चालतात. प्रिंटरला ५ गीगाहर्ट्झचं नेटवर्क दिसत नसेल तर तो बिघाड नव्हे. लॅपटॉप ५ वर आणि प्रिंटर २.४ वर असला तरी चालतं, राउटर एकच असला म्हणजे झालं. गेस्ट नेटवर्कवर मात्र चालत नाही, कारण तिथल्या उपकरणांना बाकीच्यांपासून मुद्दाम वेगळं ठेवलेलं असतं. दोन राउटर असतील तर प्रिंटर एकावर आणि लॅपटॉप दुसऱ्यावर असू शकतो. आयपीचे पहिले तीन आकडे जुळतात का ते पाहा. जुना प्रिंटर नव्या राउटरला जोडला जात नसेल, तर राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए ३ वर आहे का बघा आणि ती डब्ल्यूपीए २ व ३ अशी मिश्र ठेवा. ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारी खाजगी जोडणी) चालू असेल तर घरातला प्रिंटर दिसेनासा होऊ शकतो, तेव्हा आधी ते बंद करून पाहा.

पुन्हा पुन्हा प्रिंट दाबणं

पान आलं नाही की परत प्रिंट, परत प्रिंट. ही सगळी कामं रांगेत साचतात आणि पहिलंच अडकलं असेल तर मागची सगळी त्याच्यामागे खोळंबतात. जोडणी सुधारली की एकाच पानाच्या आठ प्रती बाहेर पडतात. रांग उघडून कामं रद्द करा. ‘डिलीटिंग’ असं दिसून तिथेच थांबलं, तर विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर, म्हणजे ही रांग सांभाळणारा प्रोग्रॅम, थांबवा, विंडोजच्या सिस्टम ३२ फोल्डरमधल्या स्पूल फोल्डरात ‘प्रिंटर्स’ नावाचा फोल्डर आहे, त्यातल्या फाइल्स पुसा आणि स्पूलर परत सुरू करा. फक्त आतल्या फाइल्स. फोल्डर तसाच राहू द्या.

एवढं सगळं होऊन, ब्राउझरमध्ये पेज उघडतंय, पोर्टचा आकडा बरोबर आहे, रांग रिकामी आहे आणि तरी छपाई नाही, तर मग खुशाल ड्रायव्हर काढा. नव्याने जोडताना यादीत आपोआप दिसलेल्या नावावर क्लिक करण्याऐवजी ‘आयपी ॲड्रेस वापरून जोडा’ हा पर्याय घ्या आणि राउटरमध्ये राखून ठेवलेला पत्ता टाका. नंतर राउटर मुद्दाम बंद-चालू करा, दोन मिनिटांनी प्रिंटर बंद-चालू करा आणि नेटवर्क रिपोर्ट पुन्हा छापा. आकडा तोच आला, तर तो एका चिठ्ठीवर लिहून प्रिंटरच्या मागे चिकटवून ठेवा.