ट्रकचं ऑइल स्वतः बदलताय? आधी जुनी रिंग कुठं आहे ते बघा

उसाचा हंगाम संपला की गाडी उभी राहते आणि नव्या मालकाच्या डोक्यात येतं, यंदा ऑइल आपणच बदलू. बदला की. चेंबरचा, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीचा, नट खोलून जुनं सोडणं आणि वरून नवं ओतणं तुम्हाला येतच असणार. फसगत होते ती ऑइल फिल्टरच्या तोंडावरच्या रबराच्या एका रिंगेपाशी.

इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून कोमट करा, चटका बसेल इतकं नको. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, यावर चर्चा नको. फिल्टर पट्ट्याच्या पान्यानं सोडवा. फिल्टरात स्क्रू ड्रायव्हर ठोकून फिरवायची युक्ती कुणीतरी दाखवेलच. त्यात पत्रा फाटतो, जाड प्लेट वरच अडकून बसते आणि मग छिन्नी हातात घ्यावी लागते. असले शॉर्टकट पाच मिनिटं वाचवून दुपार घालवतात.

फिल्टर हातात आला की लगेच उलटा करा. रिंग त्याच्या खाचेत आहे का? नसेल तर ती वर हेडच्या, म्हणजे इंजिनवर फिल्टर जिथं बसतो त्या भागाच्या, बैठकीला चिकटून राहिली आहे. ही रिंग म्हणजेच सील, बहुधा नायट्राइल रबराचं असतं. महिनोन्महिने गरम ऑइलात राहून ते कडक होतं आणि धातूला धरतं. रबर काळं, ऑइल काळं, त्यात आपण खालून मान वाकडी करून बघतोय, म्हणजे दिसायची बोंबच. आता त्यावर नवा फिल्टर चढवलात की रिंगा दोन झाल्या. नवी आपल्या खाचेत असते, जुनीला मात्र बाजूनं धरणारं काहीच नसतं. आणि खरा धोका पुढंच आहे: फिल्टर व्यवस्थित घट्ट होतो, आयडलिंगला कधीकधी थेंबही पडत नाही. तुम्ही हात धुऊन मोकळे. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंड, ऑइल दाट, त्यामुळं प्रेशर चार-पाच बारपर्यंत चढतं. कुणी रेस केली की जुनी रिंग एका बाजूनं बाहेर सरकते आणि ऑइलचा फवाराच उडतो. बेअरिंगला ऑइल पुरवणारा पंपच मग चेंबर रिकामं करत सुटतो. हे करूळ घाटाच्या चढावर झालं तर ऑइलचा दिवा ड्रायव्हरच्या लक्षात येईपर्यंत बेअरिंग गेलेलं असू शकतं, आणि त्यापाठोपाठ क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य फिरता दांडा.

म्हणून नुसतं बघू नका, नख फिरवा. बैठक स्वच्छ सुती कापडानं पुसा, हातातली बॅटरी (टॉर्च) लावा आणि नख पूर्ण गोल फिरवा. कुठं पायरी लागली तर तिथं रबर आहे. कधी अख्खी रिंग नसते, तुकडा किंवा पातळ पापुद्रा असतो. तोही प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडा. ब्लेड नको, हेड अॅल्युमिनियमचं असेल तर चरा पडतो आणि तिथूनच पाझर सुरू होतो. कॉटन वेस्टही नको, त्याचा धागा रिंगेखाली अडकतो. कोल्हापूरजवळच्या शिरोलीकडं फाउंड्रीच्या वाळूची वाहतूक असते, धूळ उडते. तिथं नवा फिल्टर बसवायच्या क्षणापर्यंत डब्यातच ठेवा.

जुनी रिंग सापडली तरी लगेच टाकू नका. नखानं दाबा, बोटावर वाकवून बघा. चपटी, चकचकीत आणि दाबल्यावर उसळत नसेल तर उष्णतेनं मेली आहे. बारीक भेगा असतील तर फिल्टर ठरल्यापेक्षा जास्त काळ राहिलाय. फुगून मऊ झाली असेल तर ऑइलात डिझेल मिसळतंय का, याची चौकशी करा, डिपस्टिकचा वास घ्या. एकाच बाजूला दबलेली असेल तर बैठकीवर कचरा होता. पिळवटलेली असेल तर मागच्या वेळी कोरडीच बसवली होती.

हे शिकवणारा वस्ताद भेटला तर सोडू नका. सीलवर बोट ठेवून "चालतंय की" म्हणणारा वस्ताद मात्र लांबच बरा. जुनी रिंग परत वापरायची नाही, गळतीवर सिलिकॉनची पेस्ट थापायची नाही. पेस्टचा तुकडा सुटून ऑइलच्या बारीक वाटेत अडकला तर काम चेंबर खोलण्यावर जातं.

काडतुसासारखा कागदी फिल्टर आणि झाकण असलेल्या गाडीत ओरिंग (झाकणाची गोल रबरी रिंग) कोणत्या खाचेत आहे ते काढण्याआधी बघून ठेवा. खोक्यात कधी दोन-तीन मापांच्या ओरिंगा येतात. जुनीशेजारी ठेवूनच निवडा, पण जुनी ताणलेली असू शकते, म्हणून जाडीही जुळवा. नवी ओरिंग चुकून आट्यांकडच्या खाचेत गेली तर गळणारच.

बसवताना नव्या रिंगेला बोटानं नवं ऑइल लावा. फिल्टर हातानं फिरवा, रिंग बैठकीला टेकली की फिल्टरवर खडूनं खूण करा आणि तिथून साधारण पाऊण ते एक फेरा. त्यावर आकडा छापलेला असेल तर तोच खरा. पान्यानं आवळून सील जास्त चांगलं बसत नाही, उलट दबून मरतं. चेंबरच्या नटाचा वायसरही नवा घाला.

सुरू करताना एक जण चावीजवळ, दुसरा बॅटरी घेऊन फिल्टरकडं बघत. रेस अजिबात नको, टर्बो असेल तर मुळीच नको. दहा-पंधरा सेकंदांत दिवा विझला नाही तर इंजिन बंद. विझला तर दोन-तीन मिनिटं आयडलिंगला ठेवा, मग बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा. दुसऱ्या दिवशीच्या थंड सुरुवातीला परत एकदा खाली वाका.

एवढं वाचून धास्ती घेऊ नका. नख फिरवायला दोन मिनिटं लागतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपासून बोटाला आपोआप कळायला लागतं. जुनं ऑइल डब्यात भरून वापरलेलं ऑइल घेणाऱ्या अधिकृत माणसाकडं द्या. कोल्हापुरात गटारात ओतलेलं जयंती नाल्यातून पंचगंगेत जातं.