जुन्या गाडीवरचा नवा रंग काढताय? या चुका टाळा

कारखान्यात चढलेला मूळ रंग गाडीला एकदाच मिळतो. त्यावर नंतर कुणी दोन हात मारले, तरी बऱ्याचदा तो खाली शाबूत असतो. तो जातो वरचा रंग काढणाऱ्याच्या उतावीळपणाने, आणि चुकाही त्याच त्याच.

न तपासता थिनर लावणे

सगळ्यात जास्त गाड्या यानेच बिघडतात. 1920 च्या दशकापासून पुढे अनेक गाड्यांवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असे, ज्याला आपण ड्यूको म्हणतो. लॅकर सुकतो तो फक्त थिनर उडून गेल्यामुळे. त्यात रासायनिक जोड तयार होत नाही, म्हणून कितीही वर्षांनी थिनर लागला की तो पुन्हा विरघळतो. भट्टीत भाजलेलं इनॅमल बरंच तग धरतं. हार्डनर घालून मारलेला टू-के रंग थिनरला सहसा दाद देत नाही.

आता लॅकरवर टू-के मारलेलं एक बॉनेट घ्या. मालकाने थिनरमध्ये भिजवलेलं फडकं वर पसरून ठेवलं. टू-के तसाच कडक राहिला, पण थिनर बारीक चिरांतून खाली उतरला. सोलायला घेतल्यावर पापुद्रे सहज निघाले, म्हणून मालक खूश. पापुद्रे उलटे करून पाहिले तर प्रत्येकाच्या पाठीला मूळ रंग चिकटलेला, आणि बॉनेटवर उरलं नुसतं राखाडी अस्तर. हे कशानेही परत येत नाही.

म्हणून आधी चाचणी, तीही दोन ठिकाणी. एक, जिथे मूळ रंग उघडाच राहिला आहे, जसं डिकीच्या आत किंवा दाराच्या चौकटीत. दुसरी, जिथे दोन्ही थर आहेत पण नजरेत येत नाहीत. कानकोरण्याच्या कापसावर क्रमाने साबणाचं पाणी, टर्पेन्टाइन, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शेवटी एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर घ्या. प्रत्येकाला 30 सेकंद द्या. ज्याने वरचा रंग कापसावर येतो आणि मूळ रंग येत नाही, तोच द्रव वापरायचा. भाजलेल्या इनॅमलवर स्प्रे कॅनचा रंग असेल तर काम सोपं असतं. एका वेळी तळहाताएवढा भाग घ्या, 20 ते 30 सेकंद थांबा, कापसाच्या ताज्या बाजूने उचला आणि लगेच टर्पेन्टाइनने पुसा.

पेंट रिमूव्हर. तो थर ओळखत नाही. पत्र्यापर्यंत जायचं असेल तरच वापरा.

ओव्हन क्लीनर. यात बहुधा कॉस्टिक सोडा असतो. तो अल्किड इनॅमलमधल्या तेलाचा साबण करतो आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या खातो. झटपट उपाय म्हणून सुचवला जातो, पण मूळ रंग वाचवायचा असेल तर हात लावू नका.

सगळं एकाच पेपरने साफ करणे

घासायला घेण्याआधी रंगाच्या थरांची जाडी मोजा. कारखान्याचा रंग अस्तरासकट साधारण 100 ते 150 मायक्रॉन असतो. त्यावर एकदा रंग मारला असेल तर आकडा बहुधा 200 ते 300 पर्यंत जातो. चुंबकीय मीटर फक्त लोखंडी पत्र्यावर चालतो.

सुरुवात 800 नंबरच्या वॉटर पेपरने (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक), रबरी ठोकळ्यावर, साबणाच्या पाण्यात. मूळ रंगाचा पहिला ठिपका दिसला की 800 बाजूला ठेवून 1500 घ्या, मग 2000. नवशिके नेमके इथे चुकतात. ठिपका दिसला की हुरूप येतो आणि त्याच पेपरने उरलेलं उरकलं जातं. पण मूळ रंग सपाट नसतो, त्यावर संत्र्याच्या सालीसारखे उंचवटे असतात. नवा रंग त्यांच्यामधल्या खळग्यांत शेवटपर्यंत बसून राहतो. खळगा साफ होईपर्यंत घासत राहिलात, तर तोवर उंचवट्यावरचा मूळ रंग संपतो. हे शेवटचे ठिपके पेपरने काढायचेच नाहीत. ते हाताने, रबिंग कंपाउंडने, किंवा चाचणीत पास झालेल्या द्रवाने कापसावर टिपून काढावेत.

कडा आणि घड्यांवर रंग सर्वांत पातळ असतो. त्यांवर आधी मास्किंग टेपचे दोन थर लावा. त्या सगळ्यात शेवटी, ठोकळ्याशिवाय, 2000 ने. बफिंग मशीन या कामात नकोच.

सोलून निघणारा रंग घासत बसणे. आधीच्या पेंटरने मेण न पुसताच रंग मारला असेल तर पोपडे आपणहून सुटतात. हेअर ड्रायरने पत्रा कोमट करा, हात ठेवता येईल इतपतच, आणि प्लॅस्टिकचं पातं आडवं धरून सरकवा. हाताने ओढलेल्या सजावटीच्या रेघा मूळ रंगाच्या वर असतात आणि द्रवाने त्या आधी जातात. तिथे फक्त कोमट करून सोलण्याचाच मार्ग.

कोरडं घासणे. जुन्या पिवळ्या-लाल रंगांत आणि अस्तरात शिसं असू शकतं. घासणं ओलंच, पी-100 मास्क लावून. थिनरच्या वाफेसाठी वेगळं कार्ट्रिज लागतं, धुळीचा मास्क ती अडवत नाही.

एक पॅनल पूर्ण करून मग दुसरं बघणे. आधी प्रत्येक पॅनलवर तळहाताएवढी खिडकी उघडा. आधीच्या पेंटरने मूळ रंग 120 च्या जाड पेपरने ओरबाडून लांबी (पुट्टी) भरली असेल, तर खाली नुसती बेटं सापडतील. अशा पॅनलवर पुढे जाण्यात अर्थ नाही.

मूळ रंग उघडा झाल्यावर तो कोरडा, पांढुरका दिसतो. लगेच कंपाउंड मारू नका. तेलकट पॉलिश सढळ हाताने लावून रात्रभर ठेवा, सकाळी पुसा. क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, नसलेल्या रंगात फडक्यावर रंग उतरतो. तो तुमच्या गाडीचा मूळ रंगच आहे, म्हणून हवी तेवढी चमक आली की तिथेच थांबा.