पहिल्या तासाला दुखणारं पोट

'सर, पोट दुखायलंय.' वस्तीतल्या शाळेत पहिल्या तासाला हे वाक्य इतक्यांदा ऐकू येतं की शिक्षक 'सोंग करतंय' म्हणून मोकळे होतात. पण भीतीनं दुखणारं पोटही खरोखरच दुखतं. म्हणून खरं-खोटं ठरवत बसू नका, दुखण्याचा माग काढा.

आधी धोक्याची लक्षणं पाहा. उजव्या बाजूला खाली दुखणं, झोपेतून उठवणारी कळ, हिरवी उलटी, शौचातून रक्त, ताप किंवा उतरत चाललेलं वजन, यातलं एकही दिसलं तर थेट दवाखाना. तिथं ओवा-हिंगाचे प्रयोग नकोत.

यातलं काही नसेल तर चार प्रश्न, तेही लेकराच्या शेजारी बसून. समोर उभं राहून विचारलं की उत्तर 'काही नाही' असंच येतं.

काल रात्री काय खाल्लं, किती वाजता? आई-बाप दोघंही कामावर असले की सांच्याला पाच रुपयांचे कुरकुरे आणि सकाळी नुसता चहा, एवढ्यावरच लेकरू शाळेत येतं. खिचडी दुपारी मिळते, तोवर भुकेनं पोट आवळतं. वर्गात फुटाणे-गुळाचा डबा ठेवा. एक मूठ खाऊन अर्ध्या तासात बरं वाटलं तर भुकेचाच संशय धरा.

झोप किती झाली? छत्रपती संभाजीनगरच्या कित्येक वस्त्यांत नळाला रोज पाणी येत नाही, आणि येतं तेव्हा वेळ अपरात्रीची. ड्रम भरायला थोरल्या पोरीलाच उठवतात. मग झोपमोडीचं दुखणं सकाळी वर्गात येतं.

शौचाला कधी गेलीस? हा प्रश्न लाजेपायी राहून जातो, आणि नेमकं कारण बऱ्याचदा इथंच असतं. सार्वजनिक संडासाला कडी नाही, शाळेतल्याला पाणी नाही. मग मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यातून बद्धकोष्ठता होते, लघवीला जळजळ होते. दिवसात तीनदा घंटा देऊन सगळ्या वर्गाला एकदम पाणी प्यायला लावा. मात्र त्याआधी संडासाची कडी बसवा, नाहीतर घंटा वाया जाते.

चौथा प्रश्न : आज शाळेत यायला नको वाटलं का? उत्तर आलं नाही तर ताणू नका. 'चार मोजत श्वास घे, सहा मोजत सोड' असं पाच वेळा करून घ्या आणि वर्गात बसवा. घरी पाठवायची घाई केली तर दुखणं मुरतं.

दोन आठवडे वहीत वार, वेळ, खाणं, झोप आणि काय घडलं ते लिहा. दुखणं फक्त गणिताच्या तासाआधी उठतं का, बापाचा पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी उठतं का, हे वहीत दिसतं, आठवणीत नाही.

गोळ्यांचंही पाहा. लोहाची साप्ताहिक गोळी (५ ते ९ वर्षांना गुलाबी, १० च्या पुढं निळी) उपाशीपोटी दिली की मळमळतं आणि पोरं पुढच्या आठवड्यात ती खिशात लपवतात. खिचडीनंतरच द्या, वर चहा नको. शौच काळी होईल, हेही आधीच सांगा. जंताची गोळी वाटायच्या दिवशी गैरहजर राहिलेल्यांची यादी काढून मॉप-अपच्या, म्हणजे राहिलेल्यांना गोळी द्यायच्या दिवशी त्यांना ती चावून खायला लावा.

मारहाण किंवा नको तो स्पर्श लेकरानं बोलून दाखवला तर 'कुणाला सांगणार नाही' असा शब्द देऊ नका. त्याचेच शब्द लिहून घ्या, पुन्हा पुन्हा वदवू नका, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस या सरकारी फोनसेवेचा क्रमांक १४४१६, दिवसरात्र, मराठीतही.

पालकांना सकाळी अकराला बोलावू नका. मजूर अड्ड्यावरच्या बापाची दिवसाची मजुरी बुडते, वाळूजच्या कारखान्यात रात्रपाळी केलेला बाप झोपलेला असतो. संध्याकाळी सातनंतर वस्तीत जा, वही सोबत न्या. 'तुमच्या लेकराला मानसिक त्रास आहे' म्हटलं की दार बंद होतं. 'आठ दिवसांत चारदा दुखलं, त्यातलं तीनदा पाणी आल्याच्या दुसऱ्या दिवशी' असं सांगा; मग ड्रम भरायला कुणी उठायचं, यावर बोलणं सुरू होतं.